झेडपीची शाळा कोणाच्या हातात? सातारा जिल्ह्यातून आलेले प्रश्न

सातारा जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. जिल्ह्याचे तालुके अकरा. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणचा धो धो पाऊस. पूर्वेला माण-खटावचं अवर्षण. मधल्या कृष्णा-कोयनाकाठी ऊस आणि साखर कारखाने. जिल्हा परिषद एकच असली तरी पालकांच्या अडचणी तालुक्यागणिक बदलतात. नियम बहुतेक राज्यभर तेच असल्यानं इतर जिल्ह्यांतल्या वाचकांनाही ही उत्तरं उपयोगी पडतील, फक्त कार्यालयांची गावं बदलून वाचावीत.

प्रश्न : गावातली शाळा नेमकी कोणाची? सरपंच म्हणतात आमच्या हातात काही नाही, मुख्याध्यापक म्हणतात वर विचारा. हे ‘वर’ म्हणजे कुठे? (एक पालक, वडूज)

शाळा जिल्हा परिषदेची. १९६१ च्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियमानुसार १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. त्याआधी त्या जिल्हा स्कूल बोर्डाकडे होत्या. जुन्या दाखल्यांवर दिसणारा ‘स्कूल बोर्ड’ हा शिक्का तिथला.

आता ‘वर’ कोण कोण आहे ते क्रमानं पाहू. मुख्याध्यापकांच्या वर केंद्रप्रमुख असतात. आसपासच्या दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र असतं आणि त्यातली एक शाळा केंद्रशाळा म्हणून ओळखली जाते. काही केंद्रांचं मिळून बीट होतं, ते शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांकडे असतं. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी बसतात. तुमच्यासाठी वडूजच्या पंचायत समितीतलं शिक्षण विभागाचं कार्यालय. जिल्ह्याला साताऱ्यात जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि त्यांच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी. शिक्षक नेमणं, त्यांची जिल्ह्यातली बदली, शिस्तभंग हे सगळं जिल्हा परिषदेचं काम. पगाराचा पैसा मात्र राज्य सरकारचा. अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतं. जिल्ह्यात ते काम पाहणारी संस्था, म्हणजे डाएट, साताऱ्यात नसून फलटणला आहे.

एक गंमत लक्षात असू द्या. महसुलासाठी सातारा पुणे विभागात, पण शिक्षणासाठी कोल्हापूर विभागात. शिक्षण उपसंचालक कोल्हापूरला आणि दहावी-बारावीचं विभागीय मंडळही कोल्हापूरलाच. त्यामुळे अपील किंवा मंडळाच्या कामासाठी पुण्याची एसटी धरू नका.

सरपंच पूर्ण खोटं बोलत नाहीत. शिक्षकांवर ग्रामपंचायतीचा अधिकार चालत नाही. पण शाळेचं पाणी, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, कुंपण, अंगण यांसाठी ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून खर्च करू शकते. तेवढं काम त्यांच्याकडे नक्की मागा, आणि ते ग्रामसभेच्या आराखड्यात वेळेत घालून घ्या. आराखड्यात नसलेल्या कामाला वर्षभर पैसा मिळत नाही.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार मुलाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे जिल्हा परिषदेकडे, करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. अर्जात हे कलम लिहिलं की अर्ज कोणत्या फायलीत जाणार ते ठरतं. तोंडी सांगितलेलं कुठेच जात नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रत्यक्षात ६३ मुलं येतात, पण शिक्षक दोनच मंजूर आहेत. तिसरा का मिळत नाही? (शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, पाटण तालुका)

शिक्षकांची पदं वर्गात बसलेली मुलं पाहून ठरत नाहीत, ती संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर हे ठरवण्याच्या सरकारी प्रक्रियेत, ठरतात. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्यातही ज्या मुलांचं आधार ऑनलाइन पडताळणीत ‘वैध’ निघालं तीच मोजली जातात. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं प्रमाण आहे. तुमच्या ६३ पैकी चार मुलांचं आधार जुळलं नसेल तर पट ५९ धरला जातो, आणि तिसरं पद गेलं.

यावर आणखी एक पेच आहे. राज्याच्या संचमान्यतेच्या शासन निर्णयांत असलेलं पद टिकवण्याचा आकडा आणि नवं पद मंजूर होण्याचा आकडा वेगळा धरलेला असतो; नव्या पदाला उंबरठा जास्त. म्हणून एकदा गेलेलं पद परत मिळवणं हे असलेलं राखण्यापेक्षा फार अवघड जातं. सप्टेंबरमध्ये दोन-तीन आधार दुरुस्त्या राहून गेल्या म्हणून पद जाणं आणि पुढची काही वर्षं ते परत न मिळणं, हे सर्रास घडतं.

आधार का जुळत नाही याची कारणं ठरलेली आहेत. शाळेच्या रजिस्टरात मुलाचं नाव ‘वडिलांचं नाव, आडनाव’ अशा क्रमानं आणि आधारवर उलट. आधारवर जन्मतारखेऐवजी फक्त साल. मुलीचं नाव एकीकडे ‘वैष्णवी’ आणि दुसरीकडे इंग्रजी स्पेलिंगच्या घोळामुळे वेगळंच. किंवा पाच वर्षांनंतर करायचं बोटांच्या ठशांचं अद्ययावतीकरण राहिलेलं. यातलं बहुतेक काम पालकांकडूनच होणार असतं, मुख्याध्यापक आधार बदलू शकत नाहीत.

म्हणून जूनमध्ये पहिल्याच समिती सभेत मुख्याध्यापकांकडून ‘अवैध’ मुलांची यादी मागून घ्या. सरल आणि यू-डायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन्ही ऑनलाइन प्रणालींत ती शाळेच्या लॉगिनवर दिसते. जन्मदाखला हाताशी ठेवून आधार केंद्रात दुरुस्ती करा. दुरुस्ती झाल्यावर शाळेत येऊन पुन्हा पडताळणी करून घ्यायची असते, हे बहुतेक पालक विसरतात. आधार नवं झालं तरी शाळेच्या नोंदीत ‘अवैध’ तसंच राहतं. ऑगस्टअखेर यादी संपली पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रांवर रांगा असतात आणि संकेतस्थळही रडतखडत चालतं.

मंजूर पद असूनही ते रिकामं असेल तर गोष्ट वेगळी. ती भरती पवित्र पोर्टलवरून होते. ते ना मुख्याध्यापकांच्या हातात असतं, ना गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या. गटशिक्षणाधिकारी एक करू शकतात: जवळच्या शाळेतून तात्पुरती व्यवस्था. त्यासाठी समितीचा ठराव द्या आणि त्यात मंजूर पदं, भरलेली पदं आणि किती दिवसांपासून जागा रिकामी हे तीन आकडे लिहा.

प्रश्न : कोयना धरणापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात आमची शाळा आहे. पट नऊ. शाळा बंद होणार अशी चर्चा आहे. (एक ग्रामस्थ, महाबळेश्वर तालुका)

फक्त पट कमी या कारणावरून शाळा आपोआप बंद होत नाही. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असं अंतर ठरलेलं आहे. डोंगराळ, पुराच्या किंवा रस्ता नसलेल्या भागात या धोक्यांचा विचार करून शाळा द्यायची, हेही शिक्षण हक्काच्या नियमांतच आहे. दुसरी शाळा नेमकी किती लांब हा तुमचा मुख्य मुद्दा. ते अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं नसतं, मुलाच्या पायवाटेनं मोजायचं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडे शाळा ‘दोन किलोमीटरवर’ दिसत असेल आणि तिथं जायला लाँच लागत असेल, तर ठरावात तसंच लिहा. पावसाळ्यात लाँच किती दिवस बंद राहते तेही लिहा.

२०२३ मध्ये शासनानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले होते. त्यासाठी पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं समोर ठेवली होती. तोरणमाळला निवासी सोय आहे. तुमच्याकडे असा प्रस्ताव आला तर ‘शाळा नको बंद’ एवढंच म्हणून थांबू नका. वाहतूक कोणती, गाडीत सोबत मोठं माणूस कोण, दरडी कोसळल्या की काय, पहिली-दुसरीच्या मुलांना निवासी ठेवणार का, हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरं लेखीच मागा. आमचं मत स्पष्ट आहे: नऊ मुलांच्या शाळेत मुलांना सोबती कमी मिळतात हे खरं, पण सहा वर्षांच्या पोराला जलाशय ओलांडायला लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रश्न : आमच्या मुलीच्या शाळेला भर पावसाळ्यात सुट्टी आणि उन्हाळ्यात शाळा. हे नियमात बसतं का? (जावळी)

बसतं. अतिवृष्टीच्या पट्ट्यातल्या काही शाळांना सुट्ट्यांची अशी वेगळी आखणी दिलेली असते. कायदा सुट्ट्यांचा महिना सांगत नाही. तो पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास एवढंच मागतो. घोळ होतो तो दुसरीकडे शाळा बदलताना. जावळीतून मुंबईला माथाडी कामगार वडिलांकडे गेलेल्या मुलाचं तिथल्या वेळापत्रकाशी सत्र जुळत नाही. अशा वेळी दाखल्यासोबत तोवरच्या मूल्यमापनाची नोंदपत्रिका मागून घ्या.

प्रश्न : पावसात वर्गखोली गळते, भिंतीला तडा गेला आहे. तीन वर्षं अर्ज देतोय. (खंडाळा तालुका)

आधी अर्ज कशाचा दिला ते तपासा. ‘नवीन खोली मिळावी’ असा नुसता अर्ज पुढे सरकत नाही. जुनी खोली धोकादायक असेल तर ती आधी कागदावर मोडीत काढावी लागते. त्याला निर्लेखन म्हणतात. जुनी खोली कागदावर उभी असेल तोवर शाळेकडे ‘पुरेशा खोल्या’ आहेत असंच नोंदीत दिसतं आणि नव्या खोलीची मागणी ऑनलाइन नोंदीतच अडते.

क्रम असा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव; खोलीचं बांधकाम साल, मोजमाप आणि तारखेसह फोटो; मुख्याध्यापकांचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे; तिथून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या उपअभियंत्यांकडे पाहणीसाठी; त्यांचा दाखला आला की निर्लेखनाची मंजुरी; मग पाडणं आणि भंगाराचा लिलाव. त्यानंतर नवी खोली मागता येते. पैसा समग्र शिक्षा (केंद्र आणि राज्याची शालेय शिक्षण योजना), जिल्हा नियोजन समिती किंवा जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस निधी यांपैकी कुठून तरी येतो. एकाच कामाचा प्रस्ताव तिन्हीकडे दिला असेल तर तसं स्पष्ट नमूद करा, नाही तर एकीकडे मंजूर झालेलं काम दुबार ठरून रद्द होतं.

तीन वर्षं अडलेल्या प्रस्तावांमागे बहुतेकदा दोनपैकी एक कारण सापडतं. पहिलं, जागेचा उतारा शाळेच्या नावावर नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी गावातल्या कोणी तरी तोंडी जागा दिलेली असते. सातबारा आजही त्यांच्या नातवांच्या नावावर. वारसांकडून बक्षीसपत्र करून घ्या, आणि ते करायला सगळे वारस हयात आणि बोलत्या संबंधात असतील तोवरच करा. दुसरं, पाहणी झाली पण दाखल्यात ‘दुरुस्तीयोग्य’ असा शेरा आला. मग निर्लेखन होत नाही, दुरुस्तीचा वेगळा प्रस्ताव लागतो. म्हणून पाहणीच्या दिवशी समितीच्या सदस्यांनी हजर राहावं आणि छपराचे वासे, तुळई, भिंतीचा बाहेरचा पाया, जिथे पाणी मुरतं ते सगळं दाखवावं. साहेब फक्त समोरच्या व्हरांड्यातून पाहून गेले की शेरा तसाच येतो.

तोवर मुलांना त्या खोलीत बसवू नका, एवढं तरी तुमच्या हातात आहे. समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप तात्पुरता वापरायचा असेल तर तो ठराव करूनच. खोली बंद केल्याची लेखी सूचना केंद्रप्रमुखांना द्या. या सूचनेमुळेही प्रस्तावाची निकड कागदावर येते.

प्रश्न : शाळेला वर्षाला किती पैसे मिळतात? वीजबिल भरायलाच पुरत नाहीत असं सांगतात. (शाळा व्यवस्थापन समितीच्या एक अध्यक्षा, कोरेगाव)

समग्र शिक्षेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत १०,०००; ३१ ते १०० ला २५,०००; १०१ ते २५० ला ५०,०००; २५१ ते १,००० ला ७५,०००; त्यापुढे एक लाख रुपये. ही निकषातली कमाल रक्कम आहे. हप्ता अर्धवट किंवा आर्थिक वर्ष संपता संपता येणं नेहमीचंच. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो.

यातून खडू, रजिस्टरं, नळाची दुरुस्ती, विज्ञान साहित्य आणि वीजबिल. ३० मुलांच्या शाळेनं महिन्याला हजार रुपयांचं बिल भरलं तर अनुदान दहाव्या महिन्यात संपलं. म्हणून आधी बिलावरची वर्गवारी पाहा. सरकारी शाळांना ‘सार्वजनिक सेवा – शासकीय’ अशी वेगळी वर्गवारी आहे. शाळेचं मीटर जुन्या काळात व्यापारी वर्गवारीत लागलेलं असेल तर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात मुख्याध्यापकांच्या पत्रासह बदलाचा अर्ज द्या. सोबत यू-डायस क्रमांक जोडा. साताऱ्यातल्या शाळांचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक २७३१ ने सुरू होतो: २७ राज्याचा, ३१ जिल्ह्याचा, मग तालुका, गाव आणि शाळा.

तुम्ही अध्यक्षा आहात म्हणून सांगतो, पासबुक आणि रोखवही दर सभेत मांडायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, मुख्याध्यापकांवरचा अविश्वास नव्हे. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात, अध्यक्ष पालकांमधूनच, आणि मुख्याध्यापक सचिव. सभा महिन्याला. प्रत्यक्षात काही ठिकाणी सभा रजिस्टरातच ‘होते’ आणि सह्यांसाठी वही घरोघरी फिरते. अशा वहीवर सही करू नका. उद्या लेखापरीक्षणात खर्चावर आक्षेप आला तर तुमची सही तिथे असते.

प्रश्न : पोषण आहारात मुलाला किती मिळायला हवं? (पालक, दहिवडी)

वजन शिजवण्याआधीचं, एका मुलाला एका दिवसाला. पहिली ते पाचवी: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ-कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवी: तांदूळ १५० ग्रॅम, डाळ-कडधान्य ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. यातून लहानांना ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे.

हजेरी पहिली ते पाचवीची ४० आणि सहावी ते आठवीची २४ असेल तर त्या दिवशी पातेल्यात ७ किलो ६०० ग्रॅम तांदूळ, १ किलो ५२० ग्रॅम डाळ, ३ किलो ८०० ग्रॅम भाजी आणि ३८० ग्रॅम तेल गेलं पाहिजे. एवढ्या मुलांना दोन मदतनीस मंजूर असतात, कारण २५ पर्यंत एक, २६ ते १०० ला दोन, आणि पुढच्या दर शंभराला आणखी एक. त्यांचं मानधन महिन्याला अडीच हजार रुपये. वर्षातले दहा महिनेच ते मिळतं आणि तेही वेळेवर नाही. इतक्या कमी पैशांत ही कामं करणाऱ्या बायांकडे चवीची तक्रार करण्याआधी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

कमी पडतं ते सहसा भाजीत. तांदूळ आणि डाळ-मसाल्याचा माल शाळेत पोचवला जातो, पण भाजी आणि इंधनाचे पैसे शाळेच्या खात्यावर मागाहून येतात. तोवर मुख्याध्यापक पदरचे घालतात किंवा भाजी बटाट्यावर येऊन थांबते. दहिवडीसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात भाजी महागही असते. शेवगा, मेथी, कढीपत्ता यांची परसबाग जमते, पण माणमध्ये त्यासाठी हात धुण्याच्या जागेचं सांडपाणी तिकडे वळवलं तरच ती मार्चपर्यंत टिकते.

तपासायला गेलात तर दोन गोष्टी पाहा: वाढण्याआधी किमान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घेतल्याची नोंद, आणि साठा रजिस्टर. रजिस्टरातला शिल्लक तांदूळ आणि खोलीतली पोती जुळली पाहिजेत. सलग तीन शाळेचे दिवस, किंवा महिन्यात पाच दिवस आहार मिळाला नाही तर जबाबदारी निश्चित करावी, असं २०१५ च्या नियमांत आहे. न शिजवलेल्या दिवसाचं धान्य आणि खर्चाची रक्कम भत्ता म्हणून मुलाला द्यायची असते.

प्रश्न : झेडपीच्या शाळा आठवीलाच का संपतात? नववीनंतरच्या शाळेची तक्रार कुठे करायची? (कराड तालुका)

बऱ्याच गावांत त्या पाचवीला किंवा सातवीलाच संपतात. कारण या जिल्ह्यात माध्यमिक शिक्षण प्रामुख्यानं खासगी अनुदानित संस्थांनी उभं केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये तुमच्याच तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली, आणि पुढच्या दशकांत गावोगाव हायस्कुलं उघडली. जिथे रयतचं हायस्कूल आधीच होतं तिथे जिल्हा परिषदेनं वेगळं काढण्याची गरज पडली नाही.

अनुदानित शाळेत पगार शासनाचा, पण शिक्षकाचा मालक संस्था. शिस्तीचा विषय आधी संस्थेकडे, आणि प्रवेश, फी, दाखला, मान्यता असे विषय शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे. ते बसतात जिल्हा परिषदेतच, पण प्राथमिकचे शिक्षणाधिकारी वेगळे. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज दोन महिन्यांनी ‘संबंधित नाही’ म्हणून परत येतो. कराड आणि सातारा शहरातल्या नगरपालिका शाळा या दोघांच्याही वेगळ्या: त्यांचं प्रशासन नगरपालिकेकडे.

प्रश्न : साताऱ्याचं प्रतापसिंह हायस्कूल झेडपीचं आहे का?

हो. राजवाड्यात भरणारं हे हायस्कूल जिल्हा परिषद चालवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथेच ७ नोव्हेंबर १९०० ला शाळेत दाखल झाले. रजिस्टरात १९१४ क्रमांकापुढे त्यांची नोंद आहे. २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

प्रश्न : कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं शाळेत घ्यायला मुख्याध्यापक कां-कू करतात. दाखला नाही, आधार नाही. (एक अंगणवाडी सेविका, कराड तालुका)

घ्यावंच लागतं. वयाचा पुरावा नाही म्हणून (कलम १४), सत्र सुरू होऊन गेलं म्हणून (कलम १५) किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून (कलम ५) प्रवेश नाकारता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलाला कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवायचं, पहिलीत नव्हे, आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं.

मुख्याध्यापकांची अडचणही खोटी नाही. मूल नोव्हेंबरमध्ये येतं, ३० सप्टेंबरचा पट होऊन गेलेला असतो; म्हणजे त्याच्यासाठी पद नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की मूल निघून जातं आणि शाळेच्या नावावर ‘गळती’ लागते. यावर उपाय नोंदीतच आहे. मूळ गावच्या शाळेनं स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. ते असेल तर नाव मूळ शाळेतच राहतं आणि इथे मूल हंगामापुरतं शिकतं. परतताना इथल्या मुख्याध्यापकांनी उपस्थिती आणि प्रगतीची नोंद कार्डावर करायची. कार्ड नसेल तर मूळ शाळेचं नाव-गाव विचारून फोन करा, कारण मुलाचा आयडी तिथे आधीच असतो. नवीन आयडी काढला की एकच मूल दोनदा दिसतं आणि पुढे दोन्ही नोंदी अडकतात.

पोषण आहार हजेरीवर असतो, त्यामुळे आलेल्या दिवसापासून या मुलांना ताट मिळालं पाहिजे.

प्रश्न : पहिलीला वय किती लागतं? शिक्षकांना निवडणुकीच्या कामाला नेतात ते कायदेशीर आहे का? (फलटण)

त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण. प्रवेश फी, देणगी, मुलाची किंवा पालकांची मुलाखत यांपैकी काहीही चालत नाही.

कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामं शिक्षकांना देता येतात, बाकी बिनशैक्षणिक कामं नाहीत. पण मतदार यादीचं कामही निवडणुकीतच धरलं जातं, आणि ते वर्षभर चालतं. दोनशिक्षकी शाळेतल्या दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं तर तहसीलदारांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना समितीनं त्याच दिवशी पत्र द्यावं. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावणं त्यांना जमण्यासारखं असतं.

प्रश्न : जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा पुरावा हवा आहे. आम्ही ठाण्यात राहतो, शाळा पाटण तालुक्यात होती. (ठाणे)

तुम्हाला दाखला नको, प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा हवा. शाळांत त्याला ‘रजिस्टर नंबर एक’ किंवा जनरल रजिस्टर म्हणतात. ते कायम जपायचं रजिस्टर आहे. आजोबांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्माचं अंदाजे साल आणि शाळेचं गाव लिहून मुख्याध्यापकांकडे अर्ज करा, सोबत नातं दाखवणारा कागद जोडा. शाळेत जाणार असाल तर सुट्टीचा दिवस टाळा आणि आधी फोन करा. दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेले की कपाट उघडत नाही.

शाळा बंद झाली किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर रजिस्टर विलीन झालेल्या शाळेत, केंद्रशाळेत किंवा पाटणच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात शोधावं लागतं. मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं असेल तर शोध पाटणच्या कार्यालयातूनच सुरू करा. पुनर्वसित गावच्या शाळेतल्या नोंदी उठून गेल्यानंतरच्या असतात. लेखी अर्जाला उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज द्या, त्याला तीस दिवसांची मुदत आहे.

जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर छायाचित्रावर भागत नाही. मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून ते साक्षांकित उताऱ्यासोबत जोडा. उतारा हातात पडल्यावर तिथल्या तिथे चार गोष्टी मूळ रजिस्टरशी ताडून पाहा: रजिस्टर क्रमांक, नाव, जातीचा रकाना, आणि दाखल झाल्याची तारीख. उतारा लिहिताना जातीचा रकाना ‘सुधारून’ आजच्या प्रचलित नावानं लिहिला जातो आणि जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकाला मूळ रजिस्टरात वेगळं दिसतं. मूळ नोंदीत जे अक्षर आहे तेच उताऱ्यात उतरलं पाहिजे, चुकीचं असलं तरी. रजिस्टरात खाडाखोड किंवा वेगळ्या शाईतली भर असेल तर ती कधीची आणि कोणाच्या सहीनं, हे मुख्याध्यापकांना उताऱ्यावर शेऱ्यात लिहायला सांगा.